बाल्कनीत घरटं झालंय? पिल्लं उडेपर्यंत काय करायचं, काय नाही

कुंडीला पाणी घालायला गेलात आणि पानांतून काहीतरी भुरकन उडालं, वाकून बघितलं तर वाटीएवढं घरटं आणि त्यात गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची दोन-तीन अंडी. पहिलं काम म्हणजे पाण्याचा मग तसाच हातात घेऊन मागे फिरा आणि दार लावून घ्या. खरंच सांगते, त्या घरट्यासाठी पहिल्या दिवशी तुम्ही यापेक्षा मोठं काहीच करू शकत नाही. फोटो नंतर, शेजाऱ्यांना बोलावून दाखवणं तर नकोच. मग कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवा, कारण पुढचं सगळं दिवस मोजून करायचंय.

माझ्या बाल्कनीत बुलबुलाची घरटी बऱ्याचदा होऊन गेली, खिडकीवरच्या भोकात चिमण्या आहेत, एकदा कपड्यांच्या दोरीला सूर्यपक्ष्याने घरटं टांगलं होतं. यातली जी घरटी फुकट गेली ती बरीचशी कावळ्या-मांजरांनी नेली, आणि काही आमच्याच अति काळजीने गेली, हे मान्य करायला हवं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी कोण आहे ते ओळखा

हे कळलं की किती दिवस थांबायचं ते कळतं. गवत, काड्या, मुळ्यांची उघडी नीट वाटी, कुंडीत किंवा वेलात, तर बहुतेक बुलबुल. अंडी साधारण १२ ते १४ दिवस उबवतात आणि पिल्लं पुढच्या १२-१३ दिवसांत घरट्याबाहेर. म्हणजे सगळा मामला महिन्याच्या आत आटोपतो. दहा-वीस काड्या कशातरी टाकल्यासारख्या आणि वर दोन पांढरी अंडी, खालून बघितलं तर आरपार दिसावीत असं घरटं असेल तर तो होला. तो अर्धवट सोडून गेला असं लोकांना वाटतं, पण त्याचं घरटं असतंच तेवढं. कबुतराचंही तसंच, फक्त वेळ जास्त लागतो, १७ ते १९ दिवस उबवणं आणि पिल्लं उडायला आणखी चार आठवड्यांच्या आसपास. भोकात, एसीच्या पाइपच्या खोबणीत, मीटरच्या पेटीत गवत कोंबलेलं आणि कडेने लोंबणारं दिसलं तर चिमणी. तिची अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं दोन आठवड्यांत उडतात. दयाळ आणि साळुंकीलाही भोकंच लागतात, फक्त मोठी. कुंडीतल्या झाडाची पानं एकमेकांना टाचल्यासारखी दिसली तर ते कीड लागल्याचं समजून तोडू नका, आत शिंपी असेल.

सूर्यपक्ष्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण त्याचीच घरटी सगळ्यात जास्त झाडूने जातात. लांबून बघितलं तर जळमट लोंबतंय असंच वाटतं. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा, कागदाचे कपटे, असं काय काय चिकटवून केलेली एक लांबट पिशवी असते, बाजूला छोटंसं दार आणि दारावर पावसापाण्यासाठी केल्यासारखा इवलासा सज्जा. आमच्या दोरीवरचं घरटं मी आधी दोन दिवस कचराच समजत होते, तिसऱ्या दिवशी त्या सज्जाखालून बारीक वाकडी चोच बाहेर आली तेव्हा कळलं. तर बाल्कनीतलं कुठलंही लोंबणारं जळमट काढण्याआधी पाच मिनिटं लांब उभं राहून बघा, कुणी ये-जा करतंय का. आणि कोपऱ्यातली कोळ्याची जाळी सगळीच्या सगळी साफ करू नका, शिंपी आणि सूर्यपक्षी दोघंही घरट्यासाठी तीच नेतात.

अंड्यांचे दिवस

घरटं बांधताना आणि अंडी नवीन असताना पक्षी सगळ्यात बिथरलेला असतो, जरा धोका वाटला की जागा सोडून देतो. एकदा पिल्लं अंड्यांतून बाहेर आली की मग आई-बाप सहसा हटत नाहीत. म्हणून सुरुवातीचे दिवस सगळ्यात सांभाळायचे.

खूप जण विचारतात की अंडी आहेत पण त्यांच्यावर कुणी बसतच नाही, सोडून गेले का? नाही हो. हे छोटे पक्षी दिवसाला एक अंडं घालतात आणि बहुतेक जण सगळी अंडी झाल्यावर किंवा शेवटचं एखादं राहिलं असताना उबवायला बसतात, म्हणजे पिल्लं साधारण एकाच वेळी बाहेर येतात. तोवर अंडी गार असली तरी चालतं. त्यामुळे दोन-तीन दिवस कुणी दिसलं नाही म्हणून अंडी उचलून कापसात ठेवणं, दिव्याखाली ठेवणं, हे काहीही करू नका.

बाल्कनी वापरणं पूर्ण बंद करायचीही गरज नाही, फक्त वेळ ठरवून घ्या. रोज एकाच वेळी जा, सावकाश हला, काम झालं की आत. पक्ष्याला आपली सवय होते, अचानक होणाऱ्या गोष्टींची होत नाही. घरट्याच्या कुंडीला पाणी घालायचंच असेल तर तो उठून चरायला गेला की चोच असलेल्या झारीने अगदी मुळाशी, हळू, घरटं भिजू न देता. कुंडी फिरवायची नाही, जागा बदलायची नाही, आणि घरट्यावर आलेली पान-फांदी "दिसत नाहीये नीट" म्हणून छाटायची तर अजिबात नाही. ती फांदी म्हणजे त्यांचं छप्पर आणि पडदा दोन्ही असतो, वरून कावळ्याला घरटं दिसत नाही ते तिच्यामुळेच.

घरटं घराच्या आत असेल, म्हणजे झुंबरावर, पडद्याच्या दांडीमागे वगैरे, तर जी खिडकी त्यांच्या येण्याजाण्याची आहे ती उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत उघडी हवीच. सकाळी उशिरा उठून खिडकी उघडली तर तोवर आई बाहेर आणि पिल्लं आत उपाशी, असं होतं. त्या खोलीतला पंखा बंद. उकडतं हे मान्य आहे, पण फिरत्या पात्याने चिमणी गेलेली एकदा बघितली ना, की माणूस महिनाभर दुसऱ्या खोलीत झोपतो.

पिल्लं बाहेर आल्यावर

अंड्यांची टरफलं खाली पडलेली दिसतील किंवा आई-बाप चोचीत अळी घेऊन यायला लागतील, म्हणजे समजायचं. आता तारखेची दुसरी खूण करा.

आतून, पडद्याआडून बघायला बसा, यासारखं सुंदर काही नाही. पहिल्यांदा डोळे मिटलेली, उघडीनागडी, मांसाच्या गोळ्यासारखी पिल्लं असतात आणि आई कडेला टेकली की त्या हादऱ्याने सगळ्या माना एकदम वर, चोची आ वासलेल्या. घास भरवून झाला की आई लगेच जात नाही, जरा थांबते. मग एक पिल्लू वळून पाठ वर करतं आणि पांढऱ्या पातळ पिशवीत बांधल्यासारखी विष्ठा बाहेर येते, ती आई चोचीत उचलते आणि लांब नेऊन टाकते. घरटं स्वच्छ राहतं आणि वासावरून शत्रूला माग लागत नाही. म्हणजे घरट्यात साफसफाई करायला आपल्याला हात घालायची काही म्हणजे काही गरज नाही.

खायला घालायचं का? नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला किडे आणि अळ्याच भरवते, वाढीला तेच लागतं. आपण घरट्याजवळ दाणे ठेवले तर कबुतरं आणि कावळे गोळा होतात आणि कावळ्याला घरटं सापडतं. दाणापाण्याची भांडी ठेवायची सवय असेल तर तेवढे दिवस घराच्या दुसऱ्या बाजूला हलवा. पाणी मात्र ठेवाच, उथळ पसरट भांडं, आत एक-दोन दगड, रोज धुऊन.

त्यापेक्षा मोठी मदत म्हणजे कीटकनाशक बंद. कुंडीत मावा पडला, पानं खाल्ली जातायत, तर जाऊ द्या महिनाभर. त्या अळ्याच पिल्लांचं जेवण आहे, आणि फवारलेली अळी पोटात गेली तर पिल्लाचं काय होईल ते सांगायला नको.

मुंग्यांवर लक्ष ठेवा. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना मुंग्या लागल्या तर त्यांना हलताही येत नाही. कुंडीच्या स्टँडच्या पायांना किंवा टांगलेल्या कडीच्या वरच्या टोकाला पेट्रोलियम जेलीचा जाडसर पट्टा लावा, पण पक्षी बसतो त्या जागी नाही, पिसांना चिकटली तर पिसं खराब होतात. मुंग्यांची पावडर किंवा खडू घरट्याच्या आसपास नको.

ऊन थेट येत असेल तर आई पंख पसरून पिल्लांवर उभी राहते आणि पिल्लं चोच उघडी ठेवून धापा टाकतात. हे दिसलं तर सावली करावी लागेल, पण एकदम घरट्यावर चादर टाकायची नाही. आधी तीन-चार फूट लांब कापड बांधा, आत या, अर्धा तास बघा. आई-बाप येऊन भरवायला लागले की मग थोडं जवळ घ्या. पावसाची झड येत असेल तरी हीच रीत. आणि कापड वाऱ्याने फडफडणार नाही असं ताणून बांधा.

मांजर असेल तर ते तेवढे दिवस घरात. गळ्यात घंटी बांधून घरट्यातल्या पिल्लाला काहीच उपयोग नाही, आवाज ऐकून त्याने पळायचं कुठे? कावळ्याचं काय करायचं यावर माझ्याकडे फार समाधानकारक उत्तर नाही. घरट्याच्या दोन बाजूंना पानांच्या कुंड्या सरकवून आडोसा करता येतो, तोही अंड्यांच्या दिवसांत नाही, पिल्लं झाल्यावर, एका दिवसात एक कुंडी असं करून. आणि आपण सारखं घरट्यापाशी गेलो की आई-बाप ओरडत घिरट्या घालतात, तो आवाज कावळ्याला बरोबर कळतो. कावळ्यालाही पिल्लं असतात, भारद्वाजालाही, त्यामुळे एखादं घरटं गेलं तर दगड मारत सुटू नका. बुलबुल बहुतेक वेळा दुसऱ्यांदा अंडी घालतात.

दहाव्या दिवसानंतर जवळ जायचंच नाही

हे वेगळं लिहितेय कारण ही चूक मी केलीय. बुलबुलाची तीन पिल्लं, अकरावा दिवस, पिसं छान भरली होती, डोळे टकाटक उघडे. मला वाटलं आता मोठी झालीत, एक जवळून फोटो घेऊ. स्टुलावर चढून मोबाइल पुढे केला आणि तिन्ही पिल्लांनी एकदम उड्या टाकल्या. नीट उडता कुणालाच येत नव्हतं. एक शेजारच्या कुंडीत, एक वॉशिंग मशीनच्या मागे, तिसरं ग्रिलमधून खाली. पहिल्या दोघांना उचलून घरट्यात ठेवलं तर पुन्हा उडी, पुन्हा ठेवलं तर पुन्हा उडी, कारण एकदा घाबरून बाहेर पडलेलं पिल्लू परत घरट्यात बसत नाही. शेवटी दोघांना दाट पानांच्या कुंडीत सोडलं, आई-बापांनी तिथे येऊन भरवलं, ती जगली. तिसऱ्यासाठी खाली जाऊन सगळी झुडपं शोधली, ते सापडलं नाही.

पंख भरलेल्या पिल्लांना शत्रू जवळ आला की उडी टाकायची हे निसर्गानेच शिकवलंय, आणि आपण हात पुढे केला तर आपण शत्रूच. म्हणून बुलबुल, शिंपी, चिमणी असल्या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यापासून, अंडी फुटल्याच्या खुणेपासून मोजून, दहाव्या दिवसानंतर लांब राहा. फोटो हवाच असेल तर आधीच्या दिवसांत, आतून, काचेमागून, फ्लॅश बंद करून.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर

आधी त्याच्याकडे नीट बघा. पिसं नाहीत किंवा नुसत्या काट्यांसारख्या नळ्या आहेत, डोळे मिटलेले, पायावर उभं राहता येत नाही, तर ते घरट्यातलं पिल्लू आहे आणि त्याला घरट्यातच परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय पण ते खरं नाही. आई-बाप आपल्या पिल्लाला वासावरून टाकत नाहीत. हात धुवा, ओंजळीत घ्या, गार लागत असेल तर पाचेक मिनिटं ओंजळीत धरून ऊब द्या आणि ठेवा. गार पडलेल्या पिल्लाला आ करायचीही ताकद नसते, आणि आ केला नाही तर आई भरवत नाही, म्हणून आधी ऊब.

घरटंच तुटून पडलं असेल तर एक छोटी टोपली किंवा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा, नाहीतर पावसात पिल्लं बुडतील. आत जुनं घरटं जेवढं शाबूत असेल तेवढं बसवा, नसेल तर सुकं गवत. कापूस नको, टॉवेल नको, नखं अडकतात. मूळ जागेच्या जितकं जवळ जमेल तितकं तारेने पक्कं बांधा आणि आत जाऊन दोन तास खिडकीतून बघा. बाहेर उभं राहून नाही, तुम्ही दिसत असाल तर ते येणारच नाहीत.

पण पिल्लाला पिसं आहेत, शेपटी आखूड, चोचीच्या कडा पिवळ्या, टुणटुण उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, ते घरट्यातून निघालेलं आहे. त्याला अजून थोडेच दिवस नीट उडायला लागतील आणि तोवर आई-बाप जमिनीवर, झुडपात येऊन भरवतात. अशा पिल्लाला "बिचारं एकटं आहे" म्हणून घरी नेणं म्हणजे त्याच्या आई-बापांपासून तोडणं, आणि हे इतक्या वेळा होतं की मला खरंच वाईट वाटतं. रस्त्यात असेल, मांजर असेल, तर उचलून जवळच्या झुडपात किंवा उंच कुंडीत ठेवा आणि निघा.

तोंडात पाणी टाकू नका. हे शंभर वेळा सांगावं लागलं तरी सांगेन. पिल्लाच्या जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, ड्रॉपरने टाकलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि पिल्लू तुमच्या हातात जातं. दूधही नाही, पक्ष्यांना ते पचत नाही. ब्रेड नाही.

मग पशुवैद्याकडे किंवा पक्षी वाचवणाऱ्या माणसांकडे कधी न्यायचं? रक्त येतंय, पंख लोंबतोय, आई-बाप मेलेले सापडले, किंवा मांजराने तोंडात धरलं होतं. मांजराचं तर वरून ओरखडाही दिसत नसला तरी न्या, त्याच्या लाळेतल्या जंतूंनी पिल्लू एक-दोन दिवसांत जातं, औषध वेळेत लागतं. नेईपर्यंत पुठ्ठ्याचा खोका, वर हवेला भोकं, तळाला सुती कापड, टिश्यू पेपरचं कडं करून त्यात पिल्लू, शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. खोका बंद, अंधार, शांतता. मुलांना सारखं झाकण उघडून दाखवू नका. आणि घरीच वाढवायचा विचार सोडून द्या, आई-बाप उजाडल्यापासून अंधारापर्यंत दर थोड्या वेळाने भरवतात आणि नंतर किडा कसा पकडायचा, कावळा आला की कुठे लपायचं हेही तेच शिकवतात.

दोरे

एकदा चिमणीची तीन पिल्लं उडून गेली आणि चौथं भोकाच्या तोंडाशी उलटं लोंबकळत राहिलं. शिडी लावून बघितलं तर आईने घरट्यात आणलेला नायलॉनचा दोरा त्याच्या पायाला तीन वेढे बसलेला, पाय सुजलेला. नखं कापायच्या कात्रीने एकेक वेढा कापला, पिल्लू एका हातात हलकं धरून डोळे फडक्याने झाकलेले, म्हणजे ते शांत राहतं. सुटलं, दोन मिनिटं हातावर बसलं आणि गेलं. तेव्हापासून नायलॉनचे दोरे, लांब केस, लोकर, पिशव्यांच्या पट्ट्या बाल्कनीत पडू देत नाही. घरट्यासाठी काही ठेवायचंच असेल तर सुकं गवत आणि बोटाएवढे कापलेले काथ्याचे तुकडे ठेवा.

चिमणीची पेटी आणि कबुतरं

पेटी लावायची असेल तर साध्या लाकडाची, आतून रंग न दिलेली. भोक ३२ मिलिमीटर, त्यातून चिमणी जाते आणि साळुंकी जात नाही. भोकाखाली बसायची काडी बसवू नका, चिमणीला ती लागत नाही आणि शिकाऱ्याला पाय ठेवायला जागा होते. तळाला बारीक भोकं, दहा फुटांच्या आसपास उंची, दुपारचं ऊन नको. चिमण्यांना शेजार आवडतो, जागा असेल तर दोन-तीन लावा.

कबुतरं नको असतील तर ती अंडी घालायच्या आधीच जाळी लावा, आणि ताणून लावा, सैल जाळीत दुसरेच पक्षी अडकतात. अंडी झाली असतील तर दीडेक महिना थांबा. विष्ठा साफ करताना मास्क लावा आणि आधी पाण्याने भिजवा, कोरडी झाडली तर धूळ श्वासात जाऊन फुप्फुसाचे आजार होऊ शकतात.

उडून गेल्यावर

पिल्लं गेली की लगेच झाडू घेऊन जाऊ नका. आणखी दोन-तीन आठवडे ती आसपासच असतात, पंख थरथरवत आई-बापांच्या मागे लागतात, तेव्हा मांजर अजून घरातच. आठवडाभर घरट्याकडे कुणी फिरकलं नाही तर हातमोजे घालून घरटं काढून पिशवीत बांधून टाका, त्यात बारीक उवांसारखे किडे असतात ते पक्षी गेल्यावर घरात शिरतात. चिमणीचं आणि होल्याचं मात्र जरा जास्त थांबून बघा, ते त्याच घरट्यात पुन्हा अंडी घालतात. बुलबुल सहसा नवीन बांधतो, पण जागा आवडलेली असते, तेव्हा कुंडी जिथे टांगलीय तिथेच राहू द्या.